घड्याळ लावून एक मिनिट

वाचकहो, या आठवड्यात एक छोटासा प्रयोग करून पाहा. तुमचा एखादा नातेवाईक दवाखान्यात दाखल असेल आणि तुम्ही डबा घेऊन त्याच्याकडे जाणार असाल, तर खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता जरा नजरेखालून घाला. ताप, नाडी आणि रक्तदाब यांचे आकडे दर वेळी थोडे थोडे बदललेले दिसतील. श्वासाच्या रकान्यात मात्र बहुधा एकच आकडा असतो. सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा श्वास २० आणि त्याच्या पलीकडच्याचाही २०. जणू सगळा वॉर्ड एका तालात कवायत करतो आहे.

खरी गोष्ट अशी की, तो श्वास बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, नाडीचा आकडाही आता बोटाला लावलेली चिमटी सांगते. श्वास मोजायला मात्र माणूसच लागतो आणि त्याच्याकडे घड्याळ लावून एक मिनिट लागते. नेमके तेच मिनिट कोणाकडे नसते. हे मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही. या चुकीत माझाही वाटा आहे आणि तो आधी सांगतो.

तीन बाटल्यांची गोष्ट

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या रुग्णालयात काम करत होतो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी जुलाब-उलट्यांमुळे दाखल झाल्या. तोंडाला कोरड पडली होती, डोळे खोल गेले होते. सलाईनची गरज होती, ते लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी जुलाब थांबले. आजी चार घास भात खाऊन बसल्या. खरे तर तिथेच सलाईन काढायला हवे होते. पण मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अंगात ताकद नाही हो तिच्या. अजून एखाद-दोन बाटल्या जाऊ द्या." मी मान डोलावली. आजींना जुना रक्तदाबाचा त्रास होता आणि त्यांचे हृदय थकलेले असू शकते, हे कागदावर माझ्यासमोर होते.

रात्री एकच्या सुमारास सिस्टरचा फोन आला. "सर, आजींचा श्वास वाढलाय. दहा वाजता बावीस होता, आता अठ्ठावीस आहे. त्यांना आडवं झोपवत नाहीये. खोकतायत सारख्या."

मी विचारले, "ताप आहे का? रक्तदाब किती?" ताप नव्हता. रक्तदाब थोडा जास्त होता. मी सांगितले, "खोकल्याचं औषध द्या. सकाळी बघतो." आणि कूस बदलून झोपलो.

पहाटे पाचला पुन्हा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आजी खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, ओठ काळेनिळे पडले होते आणि तोंडातून गुलाबी फेस येत होता. थकलेल्या हृदयाला बाटल्यांमधले पाणी पुढे ढकलता आले नव्हते. ते फुफ्फुसात साठले होते. मग ऑक्सिजन, लघवी होण्याचे इंजेक्शन, जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याची धावपळ, सारे काही झाले. आजी त्या दिवशी दुपारी गेल्या.

त्यांचा मुलगा चार दिवसांनी भेटायला आला. हात जोडून म्हणाला, "तुम्ही खूप केलंत साहेब. तीन-तीन बाटल्या लावल्यात." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री आजाराचे निदान सिस्टरने केले होते. फोनवर तिने आजाराचे नाव घेतले नाही, कारण ते घेण्याचा अधिकार तिला नाही अशी आपली समजूत आहे. पण श्वास वाढतो आहे, आडवे होता येत नाही, ताप नाही, या तीन गोष्टी तिने सांगितल्या होत्या. चौथ्या गोष्टीची गरजच नव्हती. मी ऐकले नाही, एवढेच.

दम हा आजार नव्हे

आपल्याकडे कोणालाही धाप लागली की पाच-सहा ठरलेली उत्तरे तयार असतात. "दमा आहे." "गॅस झाला असेल." "वय झालं आता." "अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून या." "टेन्शन घेतलंय." या उत्तरांपैकी कोणतेही उत्तर खरे असू शकते. पण ते कारण शोधल्यानंतर द्यायचे उत्तर आहे, शोधण्याआधी नव्हे. दम लागणे हा आजार नसून सांगावा आहे. तो फुफ्फुसातून आलेला असतो, हृदयातून आलेला असतो, रक्तातून, मूत्रपिंडातून किंवा कधी विषातूनही आलेला असतो. सांगावा कोठून आला हे न पाहता औषध दिले, तर दम्याच्या पंपाने हृदय बरे होत नाही आणि सलाईनने फुफ्फुसातले पाणी उतरत नाही, उलट वाढते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, हा सांगावा सर्वांत आधी वाचू शकतो तो रुग्णाच्या उशाशी असलेला माणूस. दवाखान्यात ती सिस्टर असते, घरी सून, लेक किंवा बायको असते. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येऊन पाच मिनिटे पाहतो. उरलेल्या वेळात काय घडले ते उशाशी बसलेल्या माणसाला ठाऊक असते. म्हणून त्या माणसाला काय पाहायचे ते शिकवले पाहिजे आणि त्याने पाहिलेले डॉक्टरने ऐकले पाहिजे.

श्वास कसा मोजावा

रुग्णाला "मी तुझा श्वास मोजतो" असे सांगू नये. सांगितले की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी पाहतो आहोत असे दाखवत मनगट हातात धरावे आणि डोळे छातीवर किंवा पोटावर ठेवावेत. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. रुग्ण नुकताच चालून आलेला, जेवलेला किंवा रडलेला नसावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नये, पूर्ण मिनिट मोजावे.

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. वीसच्या वर गेला तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावा आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. पंचवीस किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना बोलवावे, मग ताप असो वा नसो. तिसाच्या वर असेल तर वाट पाहू नये. उलट बाजूही लक्षात ठेवा. झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्यांनी, मेंदूच्या आजाराने श्वास मंदावतो. तो आठपर्यंत किंवा त्याखाली आला तर तोही तितकाच मोठा धोका आहे. "शांत झोपलाय बिचारा" म्हणून सोडून देऊ नये.

लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो जलद श्वास समजावा. खोकला झालेल्या मुलाचा श्वास जलद असेल तर न्यूमोनिया असू शकतो आणि तो त्याच दिवशी दाखवायला हवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मूल थेट रुग्णालयातच न्यावे.

"आमच्या घरातल्यांना हे जमायचं नाही" असे कोणी म्हणेल, त्याला गडचिरोलीची गोष्ट सांगावीशी वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत १९८०च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना त्यांनी श्वास मोजायला शिकवले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी बसवलेले साधे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. घडीतली वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे निम्म्याने कमी झाले आणि १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अहवाल छापून आला. पाटीवर अक्षर न गिरवलेल्या बाईला जे जमले, ते शिकलेल्या घरात आणि प्रशिक्षित वॉर्डात जमत नाही असे म्हणणे पटत नाही.

सांगावा कोठून आला?

श्वास वाढला हे कळल्यावर दुसरे काम म्हणजे थोडी चौकशी. ती करायला स्टेथोस्कोप लागत नाही.

आडवे झाल्यावर दम वाढतो का? पूर्वी एका उशीवर झोपणारा माणूस आता तीन उशा घेतो, झोप लागल्यावर तास-दोन तासांनी घाबरून उठून खिडकीपाशी जाऊन बसतो, संध्याकाळी चप्पल घट्ट होते, पायाच्या नडगीवर बोट दाबले की खड्डा पडतो, तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले. हा सांगावा बहुधा हृदयाचा आहे. आयुष्यभर कधी दमा नसलेल्या माणसाला साठीनंतर रात्री पहिल्यांदाच 'दमा' झाला, तर तो दमा नसून हृदयाचा थकवा असेल असे धरूनच तपास करावा. अशा रुग्णाच्या छातीत दम्यासारखी घरघर वाजू शकते, म्हणून फसगत होते.

छाती भरून आली, घाम फुटला, दम लागला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर त्याला 'गॅस' हे नाव देऊन गोळी खाऊन तासभर वाट पाहू नये. मधुमेहाच्या रुग्णांत, वृद्धांत आणि बऱ्याचदा बायकांत हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतच नाही. नुसता दम, घाम आणि गळून गेल्यासारखे वाटते. घरातल्या बाईने "आज मला कसंतरीच होतंय" म्हटले की तिला लिंबू-सरबत देऊन निजवतात. त्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा. गॅस निघाला तर सर्वांनी हसून घरी यावे.

श्वास सोडताना सूं-सूं आवाज येतो का? लहानपणापासून कमी-जास्त होणारा त्रास, धूळ, थंडी किंवा उदबत्तीच्या वासाने वाढणारा, तो दमा. त्यावर पंप हेच योग्य औषध आहे आणि पंपाची 'सवय' लागते हा समज काढून टाकावा. पण वर्षानुवर्षे हळूहळू वाढत गेलेला, खोकला आणि बेडका असलेला दम हा वेगळा प्रकार. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो होतोच. पण ज्या बायकांनी विडीला कधी हात लावला नाही, पण बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे काढली, त्यांच्याही फुफ्फुसांची तीच गत होते. घरी गॅस आला म्हणून आधी गेलेला धूर परत निघत नाही. अशा रुग्णांसाठी एक सावधगिरी आहे. भरमसाट ऑक्सिजन त्यांना घातक ठरू शकतो. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हे सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. घरी सिलिंडर असेल तर त्याची चावी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

ताप, पिवळा-हिरवा कफ, श्वास घेताना बरगडीत टोचते, हा न्यूमोनिया असू शकतो. वृद्धांना मात्र न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. काल नीट बोलणारे आजोबा आज भलतेच बरळतात, जेवण नको म्हणतात आणि श्वास २६ आहे, इतकेही पुरे आहे.

अंथरुणाला खिळलेले रुग्ण

हा प्रकार घरोघरी आहे म्हणून त्यावर थोडे थांबतो. अर्धांगवायू झालेला किंवा मांडीचे हाड मोडलेला माणूस अंथरुणावर असतो. घरचे मायेने त्याला आडव्यानेच पेज भरवतात. घशाचे स्नायू दुबळे असल्याने ती पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. जेवताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा होणे, दोन दिवसांनी ताप आणि धाप येणे, अशी ती साखळी असते. उपाय साधा आहे. भरवताना पाठीशी लोड-उशा लावून रुग्णाला जमेल तितके ताठ बसवावे, छोटे घास द्यावेत आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पदार्थ अशा रुग्णाला सोपा जातो.

दुसरा धोका पायातून येतो. हालचाल नसली की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकते. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असणे आणि त्यानंतर अचानक लागलेला दम, ही जोडी दिसली तर क्षणाचाही उशीर नको. सुजलेली पोटरी तेल लावून चोळू नये. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताकडे पाहावे. एकच सुजला तर गुठळीचा संशय घ्यावा.

बाळंतिणींबद्दलही सांगायला हवे. बाळंतपणानंतर दम लागला की "रक्त गेलंय, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा" असे सांगितले जाते. रक्त कमी असणे हे आपल्याकडे दम लागण्याचे मोठे कारण आहेच. डोळ्यांच्या पापण्या आतून आणि नखे पांढुरकी दिसली तर रक्त तपासावे. पण गरोदरपणाचा शेवटचा महिना आणि बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात काही बायकांचे हृदय एकाएकी दुबळे होते. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलींच्या हृदयाच्या झडपा बिघडलेल्या असतात आणि तेही पहिल्यांदा गरोदरपणातच उघड होते. बाळंतिणीला आडवे झाल्यावर धाप लागते, रात्री उठून बसावे लागते, असे असेल तर तो अशक्तपणा नव्हे. तिला लाडवांच्या आधी हृदयाच्या तपासणीची गरज आहे.

विषाचे दोन प्रकारही लक्षात ठेवावेत. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर विष हृदयाकडे वळले आहे. पुढे काही तासांत फुफ्फुसात पाणी भरते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण जेमतेम दिसते. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे आणि श्वास उथळ होणे, हा क्रम दिसला तर मांत्रिकाकडे जाण्यात मिनिटही घालवू नये.

शेवटी, छाती मोकळी आहे, खोकला नाही, तरी श्वास खोल आणि जलद चालला आहे, तर मधुमेह फार वाढलेला असू शकतो किंवा मूत्रपिंडे काम करेनाशी झालेली असू शकतात. भीतीने किंवा मनस्तापानेही श्वास वाढतो हे खरे. पण ते कारण यादीत सर्वांत शेवटी ठेवावे. तरुण सुनेला दम लागला की ते सर्वांत आधी सुचते, हा आपला दोष आहे.

विंचवाच्या विषाचे हे ज्ञान आपल्याच रायगड जिल्ह्यातून जगाला गेले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. विंचू चावलेली माणसे का मरतात हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले, लक्षणांचा क्रम टिपला. हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी साठते हे त्यांच्या ध्यानात आले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात मोठी यंत्रे नव्हती. रुग्णाजवळ बसून पाहणारा माणूस तेवढा होता.

बोटाच्या चिमटीबद्दल

२०२०च्या कोरोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. चांगली गोष्ट आहे. पण त्यावर ९६ दिसले म्हणून सारे ठीक असे समजू नये. रक्त कमी असले, हृदय थकू लागले किंवा शरीरात आम्ल साठले तरी तो आकडा बराच काळ चांगला राहतो, श्वास मात्र आधीच वाढतो. शिवाय नेलपॉलिश, गार बोट आणि हलणारा हात यांनी तो चुकतो. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आकडा ९२ च्या खाली गेला तर दवाखाना गाठावा. आणि आकडा चांगला असूनही माणसाला एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर यंत्रावर नाही, माणसावर विश्वास ठेवावा.

अशा वेळी रुग्णाला बसते करावे, पाय खाली सोडू द्यावेत, कपडे सैल करावेत, खिडकी उघडावी, भोवतीची गर्दी हटवावी. पाणी, चहा, दूध काही पाजू नये. आडवे करू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे आणि श्वासाचे लिहिलेले आकडे घ्यावेत. आणि हात जोडून एक विनंती आहे. दम लागलेल्या माणसाला "एक सलाईन लावाच" असा आग्रह डॉक्टरांना करू नये. बाटलीत मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते, त्यात ताकद नसते. जुलाबात ते प्राण वाचवते, थकलेल्या हृदयात ते प्राण घेऊ शकते. आणि डॉक्टर मंडळींनाही सांगणे आहे की, रुग्णाच्या समाधानासाठी बाटली लावणे आता पुरे झाले.

ऐकायचे कोणी?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिस्टर श्वास मोजत नाहीत अशी तक्रार करणे सोपे आहे. पण रात्रपाळीला एक सिस्टर आणि पूर्ण भरलेला वॉर्ड, त्यात इंजेक्शने, सलाईन बदलणे, रजिस्टरे, नातेवाइकांचे प्रश्न. तिच्याकडे प्रत्येक रुग्णामागे एक मिनिट उरत नाही, म्हणून ती २० लिहून मोकळी होते. आणखी एक कारण आहे आणि ते अधिक कडू आहे. ज्या सिस्टरने खरोखर मोजून रात्री एक वाजता फोन केला, तिला काय मिळाले? खोकल्याचे औषध. पुढच्या वेळी ती कशाला मोजेल?

इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली रुग्णालयांसाठी एक गुणपत्रिका तयार केली आणि २०१७ साली ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा नोंदींना गुण द्यायचे. श्वास २५ किंवा अधिक असेल, किंवा ८ किंवा त्याहून कमी असेल, तर त्या एकाच नोंदीला सर्वाधिक तीन गुण मिळतात आणि त्यावरून डॉक्टरला बोलवायचे ठरते. यात यंत्रसामग्रीचा खर्च फारसा नाही. महत्त्व याचे आहे की, तिथे सिस्टरला फोन करताना संकोच करावा लागत नाही. आकडाच तिच्या वतीने बोलतो.

आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी, सरकारी असोत वा खासगी, निदान तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. रात्रपाळीला एक हात जास्त द्यावा, म्हणजे गंभीर रुग्णांचा श्वास तरी खरोखर मोजला जाईल. वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे की, श्वास २५ च्या वर किंवा ८ पर्यंत खाली गेला तर डॉक्टरला कळवायचे आणि डॉक्टरने येऊन पाहायचे, फोनवर औषध सांगायचे नाही. आणि सिस्टरने काय पाहिले याची एक ओळ रुग्णाच्या कागदावर डॉक्टरच्या शेऱ्याच्या शेजारी लिहायला जागा असावी. 'आडवे होता येत नाही', 'जेवताना ठसका लागतो', 'डाव्या पोटरीला सूज', अशी एक ओळ कित्येकदा महागड्या तपासण्यांच्या आधी निदान सांगून जाते.

नातेवाइकांनीही वाटा उचलावा. रात्री रुग्णाजवळ थांबणाऱ्याने मोबाइल पाहण्याच्या वेळेतून एक मिनिट काढून श्वास मोजावा आणि वहीत लिहावा. आकडा वाढत असेल तर सिस्टरला शांतपणे सांगावे, आवाज चढवून नव्हे. आकडा घेऊन गेलेल्या माणसाला भांडावे लागत नाही.

त्या रात्रीची सिस्टर पुढे बरीच वर्षे माझ्याबरोबर काम करत होती. त्या प्रसंगाबद्दल ती मला कधी एक शब्दही बोलली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण डॉक्टरने सिस्टरची माफी मागायची पद्धत नव्हती. एवढेच केले की, त्यानंतर तिचा फोन आला की मी चपला शोधत नसे, तसाच निघत असे. त्यातले पुष्कळ फोन फुकट गेले असतील. काही गेले नाहीत.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे मनगट हातात घ्या, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे पाहा आणि एक मिनिट मोजा. आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा. त्यांचा नेहमीचा श्वास किती हे ठाऊक असेल, तरच एखाद्या रात्री तो वाढला हे तुम्हाला कळेल.